समुद्र साडेपाचनंतर फुकट

समुद्राला तिकीट असतं हे आमच्या ह्यांना कळलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्यानंतर साडेसहा तास ह्यांनी अटलांटिक महासागराशी असहकार पुकारला. महासागरानं ते फारसं मनावर घेतल्याचं दिसलं नाही.

मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. म्हणजे पहिले दोन महिने कौतुकाचे, आणि उरलेले चार कुठली कढई कुठल्या कपाटात यावरून सुनेशी गोड बोलण्याचे. ऑगस्टातल्या एका शुक्रवारी मुलगा म्हणाला, "आई, उद्या शोअरला जाऊ." जर्सीची माणसं बीचवर जात नाहीत, शोअरला जातात, आपण देशावर जातो, कोकणात उतरतो, तसंच ते. शंभरेक मैल दक्षिणेला ओशन सिटी नावाचं गाव आहे, तिथे जायचं ठरलं. सुनेनं आदल्या रात्रीच बजावलं होतं, "आई, काही करत बसू नका हं, तिथे सगळं मिळतं." म्हणून मी फक्त अठरा थालीपिठं, दह्याचा डबा, लसणीची चटणी आणि दडपे पोहे एवढंच घेतलं.

ओशन सिटी हे गाव 1879 साली मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी वसवलं. त्यांनी तेव्हा दारूबंदी केली ती आजतागायत आहे. गावात दारूचं एकही दुकान नाही. हे नोकरीत असताना तीन वर्षं दारूबंदीच्या वर्ध्याला होते, त्यामुळे ह्यांना गाव एकदम ओळखीचं वाटलं. पूल ओलांडायच्या आधी ह्यांनी गाडीच्या काचेतून बाहेर पाहिलं आणि समाधानानं म्हणाले, "हे बघ. हद्दीच्या अलीकडे दुकानं. वर्धाच."

आता तिकिटाचं. बीचवर उतरायच्या वाटेवर घडीच्या खुर्चीत एक कॉलेजातली मुलगी बसली होती. तिच्याकडे प्लॅस्टिकचे बिल्ले होते. माणशी दहा डॉलर. बिल्ला घ्यायचा, अंगावर कुठेतरी अडकवायचा आणि मगच वाळूत पाय ठेवायचा. बारा वर्षांखालच्यांना माफ. मुलानं समजावलं की या पैशातून बीच साफ ठेवतात, जीवरक्षकांचे पगार देतात. हे म्हणाले, "मला वाचवू नका म्हणावं. मी लिहून देतो." मग ते मराठीतच, पण त्या मुलीकडे बघून म्हणाले, "गिरगावात जन्मलो मी. अरबी समुद्र एकोणसत्तर वर्षं फुकट बघतोय. ह्या अटलांटिकला काय सोनं लागलंय?"

मुलगी गोड हसली. तिला वाटलं आजोबा वेळ विचारतायत की काय. ती म्हणाली, "साडेपाचनंतर बिल्ला लागत नाही."

त्या एका वाक्यानं आमचा दिवस ठरला. मुलगा, सून आणि नातू बिल्ले घेऊन (नातू बिल्ल्याविनाच, सहा वर्षांचा असल्यानं) पाण्याकडे गेले. हे बोर्डवॉकवरच्या बाकावर बसले आणि घड्याळात बघून म्हणाले, "साडेसहा तासांचा तर प्रश्न आहे. वीस डॉलर वाचतायत. गुणिले चौऱ्याऐंशी." बोर्डवॉकवर फिरायला तिकीट नव्हतं, हे ह्यांनी दोनदा विचारून घेतलं होतं.

इथे बोर्डवॉक म्हणजे काय ते सांगायला हवं. समुद्राला समांतर जाणारा, वाळूच्या वर उचललेला लाकडी फळ्यांचा रस्ता. ओशन सिटीत तो अडीच मैल आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाण्याची, खेळण्याची आणि खिसा हलका करण्याची दुकानं. फळ्यांवरून शेकडो माणसं चालतात तेव्हा खालून लाकडी जिन्यासारखा आवाज येतो. मला आमच्या चाळीची आठवण झाली. फरक एवढाच की इथे कुणी वरून "हळू" असं ओरडत नाही.

ह्या सगळ्याचा उगम मात्र मला फारच पटला. जवळच अटलांटिक सिटी आहे, तिथे 1870 साली पहिला बोर्डवॉक झाला. कारण काय, तर वाळू. समुद्रावरून आलेले लोक पायाला, कपड्यांना वाळू चिकटवून रेल्वेच्या डब्यात आणि हॉटेलांच्या दिवाणखान्यात शिरायचे. गाद्या, गालिचे, सगळीकडे वाळू. अलेक्झांडर बोर्डमन नावाचा रेल्वेचा कंडक्टर आणि जेकब काइम नावाचा हॉटेलवाला, दोघं वैतागले आणि गावाकडे गेले, की बाबांनो, लोकांना चालायला फळ्या टाका. आठ फूट रुंद आणि मैलभर लांब रस्ता झाला. हिवाळ्यात तो उचलून ठेवायचे. बोर्डमनवरून बोर्डवॉक असं नाव पडलं असं सांगणारेही आहेत. पण फळीला बोर्ड म्हणतात, तेवढं मला पुरे.

माझी आई चौपाटीवरून आलं की दारातच उभं करायची. "आधी पाय धू. फ्रॉक झाड. चपला बाहेर." ह्या एका विषयावर ती चाळीस वर्षं बोलली आणि घरात कुणी ऐकलं नाही. तिकडे एका कंडक्टरनं तेच म्हटलं तर लोकांनी मैलभर सुतारकाम करून दिलं. बाईमाणसाच्या बोलण्याला किंमत नसते ती अशी.

तर आम्ही बाकावर. आणि बाकाच्या मागे वास. लोण्यात परतलेल्या साखरेचा वास, तळणीचा वास, पिझ्झ्याचा वास, सगळे एकत्र येऊन खारट वाऱ्यावर बसून थेट नाकात. वीस मिनिटांत हे उठले. "नुसतं बघून येऊ," म्हणाले. हे वाक्य नवऱ्यानं रद्दीच्या दुकानात म्हटलं तरी खर्च होतो, इथे तर अडीच मैल दुकानं होती.

पहिलं दर्शन फनेल केकचं. फनेल म्हणजे नरसाळं. पातळ पीठ नरसाळ्यातून उकळत्या तेलात सोडतात, हात गोल गोल फिरवतात, वेढ्यावर वेढे पडतात, एकदा उलटवतात आणि काढून वर पिठीसाखर भुरभुरतात. मी ते अगदी काउंटरला नाक लावून पाहिलं. करणारा पोरगा विशीतला असेल, पण मनगट सैल होतं आणि धार एकदाही तुटली नाही. लग्नाच्या पंगतीत जिलब्या घालणारा आचारी असाच असतो. फक्त ह्या बिचाऱ्यांना पुढची पायरी कुणी सांगितलेली नाही. पाक करून ठेवायचा राहिला आणि ताटाएवढी जिलबी कोरडीच वाढली, असा तो पदार्थ. तरी आम्ही दोघांनी तो संपवला. वाऱ्यानं निम्मी पिठीसाखर ह्यांच्या शर्टावर गेली, तीही झटकली नाही, कारण तिचेही पैसे दिले होते.

शेजारच्याच दुकानात ओरिओची भजी. विनोद नाही. आख्खं बिस्किट पिठात बुडवून तळतात. आपण कांदा, बटाटा, घोसाळी, मिरची, ओवा, मायाळू, जे हाती लागेल त्याची भजी केली. पण बिस्किटाची भजी करायचं धाडस आपल्यात नव्हतं हे मान्य करायला हवं. पुढे पिझ्झावाला. तो चीज आधी घालतो आणि मग एका नळीनं वरून सॉसची धार गोल फिरवत सोडतो. सगळ्या बोर्डवॉकला गोल फिरवायचं वेड आहे: पीठ गोल, सॉस गोल, आइस्क्रीम गोल, माणसं पाळण्यात गोल.

सॉल्टवॉटर टॅफीचं दुकान 1898 पासूनचं. काचेमागे यंत्र पाकाचा गोळा दोन हातांनी ओढतं, दुमडतं, पुन्हा ओढतं. आठ-दहा पोरं काचेला चिकटून बघत असतात. त्यात समुद्राचं पाणी नसतं. गोष्ट सांगतात ती अशी, की 1883 मध्ये अटलांटिक सिटीत एका दुकानात समुद्र शिरला, मिठाई भिजली, आणि गिऱ्हाईक मुलीला दुकानदार वैतागून म्हणाला, घे, खाऱ्या पाण्याची टॅफी. नाव राहिलं. खरंखोटं देव जाणे. पण नुकसानीच्या मालाला नाव देऊन जास्त दरानं विकणारा दुकानदार मला खरा वाटतो. ह्यांनी त्यातली एक तोंडात टाकली, आणि पुढची दहा मिनिटं ह्यांना बोलता आलं नाही. वरची कवळी खालच्या कवळीला घट्ट धरून बसली होती. त्या दिवसातली तेवढीच शांतता.

मग फ्रोझन कस्टर्ड. दिसायला मऊ आइस्क्रीमसारखं, पण त्यात अंड्याचा बलक असतो, त्यामुळे ते घट्ट राहतं आणि उन्हात लवकर वितळत नाही. 1919 साली कोनी आयलंडला ही युक्ती निघाली, आणि ते विकणाऱ्या भावांची कंपनी सांगते की पहिल्याच शनिवार-रविवारी 18,460 कोन खपले. आमच्याकडे श्रावण चालू होता. कांदा-लसणाचं आम्ही काही पाळत नाही, पण श्रावणात अंडं नाही म्हणजे नाही. मी निग्रहानं कोन परत केला आणि स्वतःवर खूश झाले. नरसाळ्याच्या केकातही अंडं असतं, हे सुनेनं मला रात्री साडेनऊला सांगितलं.

दुपारी मंडळी पाण्यातून वर आली. बाकावर डबे उघडले. हे मात्र कागदाच्या द्रोणात बटाट्याच्या गरम काड्या घेऊन आले, वर व्हिनेगर शिंपडलेलं. तिथली तशीच रीत आहे. ह्यांनी एक काडी उचलली. ती तोंडापर्यंत पोचायच्या आत डोक्यावरून काहीतरी पांढरं सपकन गेलं आणि ह्यांच्या हातात फक्त बोटं उरली. समुद्रपक्षी. त्याला तिथे लाफिंग गल म्हणतात, कारण त्याचं ओरडणं खो-खो हसल्यासारखं असतं. चोरी करून वर हसणारा चोर मी पहिल्यांदाच पाहिला. दुसरा आला, तिसरा आला. द्रोण उलटला. नातू आनंदानं किंचाळत होता, सून पदर नसल्यामुळे टॉवेल हलवत होती, आणि हे "हाट! हाट!" करत होते. हाट हा शब्द जर्सीच्या पक्ष्यांना कळत नाही.

मला आठवलं, आपल्याकडे पिंड ठेवून "का का का" करत बसतो आणि कावळा शेजारच्या भिंतीवर बसून मान वळवतो. दुपार टळते. भटजी घड्याळ बघतात. शेवटी कुणीतरी मृताला काहीतरी कबूल करतं तेव्हा तो खाली उतरतो. इथे माणूस जिवंत आहे, घास त्याच्या हातात आहे, तरी पाखराला धीर नाही.

पण खरी गंमत पुढे. एकानं माझ्या ताटलीतलं थालीपीठ उचललं. चार हात उडाला. आणि टाकून दिलं. फळ्यांवर, सगळ्यांच्या देखत. दुसरा आला, त्यानं चोच लावली, मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. आता भाजणी माझ्या हातची, लोणी घरचं, थालीपीठ खमंग. बटाट्याच्या तेलकट काड्यांवर झडप घालणाऱ्यानं ते नाकारावं? "आई, मनावर घेऊ नका," सून म्हणाली. मी घेतलं. अजून घेतलेलं आहे.

ह्या पक्ष्यांचा उपद्रव इतका वाढला की 2019 मध्ये गावानं त्याच्यावर शिकारी पक्षी आणले. ससाणे, घुबडं. कातडी हातमोज्यावर ससाणा घेऊन एक जण बोर्डवॉकवर फेऱ्या मारतो. ते पक्षी गलना मारत नाहीत, नुसते दिसतात, आणि तेवढ्यानं चोर पांगतात. आम्हालाही तसा एक माणूस दिसला. आमचं जेवण झाल्यानंतर. पोलीस आणि ससाणा यांची यायची वेळ सगळीकडे एकच.

तीन वाजले. अजून अडीच तास. नातवाला आकाशपाळण्यात बसायचं होतं, ह्यांना वेळ काढायचा होता. ह्या पाळण्याला जग फेरिस व्हील म्हणतं, 1893 च्या शिकागोच्या प्रदर्शनातल्या जॉर्ज फेरिसवरून. पण त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम सोमर्स नावाच्या माणसानं ह्याच किनाऱ्यावर लाकडी पाळणे उभे केले होते आणि फेरिसमहाशय त्यातल्या एकात बसून गेले होते. सोमर्सनं कोर्टात दावाही लावला. उपयोग झाला नाही. चौपाटीवर हातानं फिरवायचा चार डब्यांचा पाळणा असायचा, त्याचा मालक दांड्याला लोंबकळून वेग द्यायचा, त्याचं नाव तरी कुणाला आठवतंय?

हा पाळणा मात्र इमारतीएवढा. वर गेल्यावर उत्तरेला अटलांटिक सिटीचे मनोरे दिसले. मुलगा सांगू लागला, मोनोपोली खेळातले जवळजवळ सगळे रस्ते त्या गावातले आहेत आणि पटावरची सगळ्यांत महाग जागा म्हणजे तिथला बोर्डवॉक. "आपल्या 'व्यापार'मध्ये मी कायम मुंबई घ्यायचो," हे म्हणाले, "आणि कायम कर्जात जायचो." एवढ्यात पाळणा नेमका टोकाला थांबला. डबा झुलायला लागला. तेव्हा मुलाला आठवलं की 2012 मध्ये सँडी वादळात इथून वर सीसाइड हाइट्सला आख्खा रोलर कोस्टर बोर्डवॉकला लागलेल्या धक्क्यावरून समुद्रात गेला होता आणि कितीतरी दिवस पाण्यातच उभा होता. मुलगा इंजिनिअर आहे, हुशार आहे, पण कुठली माहिती जमिनीवर द्यायची आणि कुठली हवेत, हे त्याला त्याच्या वडिलांसारखंच कळत नाही. मी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. खाली येईपर्यंत अर्धी झाली.

(ती पाळण्यांची बाग चालवणारे गृहस्थ त्या गावाचे महापौरही होते, आणि त्यांच्या आधी त्यांचे वडीलही. आपल्याकडे नगराध्यक्ष लोकांना गरगर फिरवतात, पण तिकीट लावून, पट्टा बांधून नाही. त्याच ऑक्टोबरात बाग बंद झाली. आम्ही शेवटच्या उन्हाळ्यातले.)

चार वाजता हे खेळांच्या दालनात शिरले आणि तिथे ह्यांना स्की-बॉल भेटला. हाही तिकडचाच, 1908 मध्ये जर्सीतल्याच व्हाइनलंडच्या माणसानं पेटंट घेतलेला. नऊ गोळे मिळतात. ते उतारावरून घरंगळत सोडायचे, टोकाच्या उंचवट्यावरून ते उडी मारतात आणि एकात एक असलेल्या कड्यांत पडतात. भोक जेवढं लहान तेवढे गुण जास्त. गुणांप्रमाणे यंत्रातून कागदी तिकिटं बाहेर पडतात, आणि तिकिटं देऊन बक्षीस घ्यायचं. "ह्यात कौशल्य आहे," हे म्हणाले. महालक्ष्मीच्या जत्रेत हेच म्हणून ह्यांनी साबणाच्या वडीवर सतरा रिंगा टाकल्या होत्या. ते आमच्या लग्नानंतरचं पहिलं नवरात्र होतं. वडी मिळाली नाही.

पहिल्या नऊ गोळ्यांत तीन तिकिटं. दुसऱ्या नऊ गोळ्यांत पाच. मग ह्यांनी चष्मा पुसला, बाह्या वर केल्या. शेजारच्या यंत्रावर एक सात-आठ वर्षांची पोर डोळे झाकून टाकल्यासारखे टाकत होती आणि तिच्या पायाशी तिकिटांचं भेंडोळं साचत होतं. हे तिच्याकडे बघत नव्हते, असं बघत होते. पाच वाजता ह्यांच्याकडे तिकिटांची बऱ्यापैकी माळ झाली. काउंटरवर वरच्या फळीला सायकल, टीव्ही, माणसाएवढं अस्वल. आमचं भांडवल घेऊन तिथला मुलगा खालच्या, अगदी गुडघ्याजवळच्या कप्प्याकडे वाकला. खोडरबर, प्लॅस्टिकचा कोळी किंवा कंगवा, यातलं काहीही एक. हे बराच वेळ विचार करत होते. कंगवा घेतला. ह्यांच्या डोक्यावर कंगव्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून तो मला मिळाला. निळा. गोळ्यांचे एकूण चाळीस डॉलर झाले होते.

साडेपाच वाजले. घडीच्या खुर्चीतली मुलगी उठली, तिनं बिल्ल्यांचा डबा बंद केला, खुर्ची काखेत मारली आणि गेली. हे तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे विजयी मुद्रेनं बघत राहिले. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला माझ्या हातात दिल्या आणि वाळू तुडवत समुद्राकडे निघाले. आम्ही सगळे वर कठड्याला टेकून बघत होतो. एक लाट आली, घोट्याला लागली. दुसरी गुडघ्याला. हे थबकले. चार मिनिटांनी परत आले.

"काय झालं?"

"गार आहे."

मग पाय धुवायच्या नळाखाली बराच वेळ उभे राहिले. नळ फुकट होता.

परतीच्या वाटेवर गाडीत नातू झोपला आणि ह्यांनी पार्किंगच्या पावतीमागे हिशेब मांडला. दोघांच्या बिल्ल्यांचे वाचले: वीस डॉलर. खाणं, पाळणा, टॅफीची दोन खोकी (शेजाऱ्यांना), गोळे: दोनशे सोळा डॉलर. चौऱ्याऐंशीनं गुणायला पेन उचललं, मग टोपण लावून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी गाडीतून आणि ह्यांच्या दुमडलेल्या पँटीतून वाटीभर वाळू काढली. बोर्डमन कंडक्टर काय म्हणत होता ते कळलं.

कंगवा मी गिरगावात रोज वापरते. परवा त्याचा एक दात पडला. ह्यांनी लगेच चष्मा लावून दात मोजले. पडलेला धरून वीस होते. "म्हणजे," हे म्हणाले, "दोन डॉलर गेले."